जानेवारीतल्या मुंग्या

पेता-पेता

माझ्या पावलांचा आवाज बदललाय, हे मला कळायच्या आधी किमुरा-सानना कळलं.

साप्पोरोत आमच्या वॉर्डाच्या व्यायामशाळेत हे आजोबा रोज संध्याकाळी माझ्या शेजारच्या ट्रेडमिलवर चालायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या पुढचे, गळ्यात पांढरा टॉवेल. इथे डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत रस्त्यावर पळणं म्हणजे हौसेनं हाड मोडून घेणं. त्यामुळे मे महिन्यात मॅरेथॉन पळायची, तर हिवाळाभर ट्रेडमिलला पर्याय नाही. व्यायामशाळेत ट्रेडमिल चारच. फळ्यावर नाव लिहायचं, अर्धा तास पळायचं, उतरून पट्टा पुसायचा, पुन्हा फळ्यावर नाव. वीस किलोमीटरचा सराव मी असा तुकड्यातुकड्यांनी करायचे. समोर काचेबाहेर बर्फ पडतोय आणि आपण तिथल्या तिथे घाम गाळतोय, याचं सुरुवातीला हसू यायचं. मग सवय झाली.

"बुरुशारी-सान," किमुरा-सान आपला पट्टा थांबवून म्हणाले. माझं नाव वृषाली. जपानी जिभेवर त्याचं असं होतं, आणि मागे आदराचा सान. "आज तुमचं डावं पाऊल पेता-पेता वाजतंय."

मला कळलं नाही असं वाटून त्यांनी तळहात दांड्यावर आपटून दाखवला. फटक, फटक.

"दाइजोबु," मी म्हणाले. दाइजोबु म्हणजे ठीक आहे, काळजी नको. या एका शब्दावर मी जपानात तीन वर्षं काढली होती.

त्यांनी ट्रेडमिलच्या लाल चिमट्याकडे बोट केलं. हा चिमटा दोरीनं यंत्राला बांधलेला असतो. तो कपड्याला लावायचा, म्हणजे आपण पडलो तर दोरी ओढली जाते आणि पट्टा थांबतो. मी तो कधीच लावत नसे. पडणाऱ्यांसाठी असतं ते. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून त्या दिवशी लावला.

आरी

मी अन्नशास्त्रातली पोस्टडॉक. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही इथे आलो. तेव्हा नाशिकला बाबांनी नकाशा उघडला, त्सुनामीचा किनारा आणि साप्पोरो यांच्यातलं अंतर वितीनं मोजलं आणि मगच हो म्हणाले. मुलीनं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, हे बाबांचं पालुपद. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. "माझं मी बघते" हे वाक्य लग्नाआधी आईनं ऐकलं, लग्नानंतर समीरनं.

समीर म्हणजे माझा नवरा. माझ्या व्हिसावर आला, कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ कामाला लागला आणि गल्ल्यावर उभं राहून राहून झकास जपानी शिकला. सई, आमची आठ वर्षांची लेक, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. मी लॅबमध्ये दिवसभर इंग्रजीत. घरात अडाणी मी एकटीच.

पाऊल वाजलं त्याच दिवशी घरी आल्यावर दोन्ही पायांना मुंग्या आल्या. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर येतात तशाच, फक्त गेल्या नाहीत. सकाळी त्या घोट्यांच्या वर चढल्या होत्या.

"चारला माझी शिफ्ट संपते. मग जाऊ डॉक्टरकडे," समीर बूट चढवता चढवता म्हणाला.

"त्यात काय दोघांनी जायचं? माझं मी बघते."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मी वाक्य मनात नीट जुळवून गेले. आशी म्हणजे पाय. आरी म्हणजे मुंगी. किमाशिता म्हणजे आल्या. "आशी नि आरी गा किमाशिता." व्याकरण चोख होतं.

डॉक्टर वयस्कर आणि सज्जन. त्यांनी खिडकीबाहेरच्या कमरेइतक्या बर्फाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुंग्या? आत्ता?"

"हो. दोन्ही पायांत."

"दिसतात?"

"दिसत नाहीत. पण आहेत."

"चावतात?"

मी विचार केला. "थोड्या."

त्यांनी मोजे काढायला लावले, भिंग घेऊन दोन्ही तळवे पाहिले. घरात हीटर कुठे आहे, साखरेचा डबा उघडा राहतो का, असं सगळं मनापासून विचारलं. खाजेचं मलम लिहून दिलं, गोळ्या दिल्या. शेवटी म्हणाले, "आणखी काही त्रास?" त्या क्षणी पावलाचा आवाज सांगायला हवा होता. पेता-पेता हा शब्द मला आदल्याच दिवशी फुकटात मिळाला होता. पण त्यांनी इतकं सौजन्यानं विचारलं, बाहेर माणसं बसली होती, आणि तोंडातून आपोआप निघालं, "दाइजोबु."

पायाला मुंग्या येणं याला जपानीत शिबिरे म्हणतात. मुंगीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या भाषेतल्या मुंग्या मी शब्दाला शब्द लावून त्यांच्या टेबलावर नेऊन सोडल्या होत्या. दोन दिवस मी इमानेइतबारे ते मलम चोळत राहिले.

फरशीवर

तिसऱ्या दिवशी लॅबचा जिना कठडा धरून चढावा लागला. शहाण्या बाईनं तिथूनच दवाखाना गाठला असता. पण वेळापत्रकात त्या दिवशी बारा किलोमीटर लिहिले होते, आणि मी पडले वेळापत्रकाची गुलाम. किमुरा-साननी लाल चिमट्याकडे बोट दाखवलं. मी तो लावला.

सहाव्या मिनिटाला डावा गुडघा नाहीसा झाला. दुखलं नाही, मुरगळलं नाही, नुसता नाहीसा झाला. पट्टा थांबला आणि मी फरशीवर होते.

माणसं गोळा झाली. सात-आठ जणांनी माझ्याभोवती अदबीनं कडं केलं. या देशात तुम्ही मागितल्याशिवाय कुणी तुमच्या अंगाला हात लावत नाही. "दाइजोबु देस का?" कुणीतरी विचारलं. "दाइजोबु," मी म्हणाले आणि पायांना उठायला सांगितलं. दोघांपैकी एकानंही ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा दाइजोबु. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला, तरी मी तेच म्हणाले. दुसरा शब्द येतच नव्हता.

मग किमुरा-सान हळूहळू गुडघ्यांवर बसले. तोंड माझ्या तोंडासमोर आणून म्हणाले, "बुरुशारी-सान. दाइजोबु नाही." आणि रुग्णवाहिका बोलवायला सांगितली.

मोठ्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांना मी पुन्हा मुंग्यांचंच सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, रोज दारू पिता का? मुंग्या तुमच्याशी बोलतात का? तेवढ्यात समीर आला, कोम्बिनीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातच.

"वृषा, तू आरी म्हणालीस? खऱ्या मुंग्या?" आणि तो जोरात हसला. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "शिबिरे."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी रबरी हातोडी काढून माझ्या गुडघ्याखाली मारली. एरवी पाय उडतो. तो उडाला नाही. दुसरा पाय. पुन्हा पहिला. समीरचं हसू कुठे गेलं ते मला दिसलं.

आजाराचं नाव गुलेन बारी सिंड्रोम. शरीराचं रक्षण करणारी शक्ती शरीराच्याच नसांवर उलटते. डिसेंबरात माझं पोट बिघडलं होतं, ते निमित्त असावं म्हणाले. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं.

"कुठपर्यंत?" मी समीरकडून विचारवलं.

"सांगता येत नाही."

"मी पुन्हा पळू शकेन?"

"आत्ता सांगता येत नाही."

"दोन दिवस आधी आले असते तर?"

"तेही सांगता येत नाही."

हा तिसरा प्रश्न समीरनं डॉक्टरांपर्यंत पोचवू नये असं मला वाटत होतं, आणि पोचवावा असंही. व्हीलचेअर ढकलताना तो एवढंच म्हणाला, "चारला शिफ्ट संपत होती, वृषा. चारला." एरवी मी भांडले असते. त्या दिवशी भांडायला माझ्या बाजूनं काहीच नव्हतं.

एकोणीस

पाच दिवस सलाइनमधून औषध. ते चढत होतं आणि आजारही चढत होता. दुसऱ्या दिवशी मांड्या गेल्या, तिसऱ्या दिवशी हातांची बोटं, चौथ्या दिवशी दंड. गेल्या म्हणजे होत्या तिथेच, फक्त माझ्या राहिल्या नाहीत. नाकावर माशी बसू न देणारी बाई मी. आता नाकाला खाज सुटली तर घंटा दाबायला हात नव्हता. त्यांनी घंटा माझ्या गालाशी बांधली.

लाज पहिल्या दोन दिवसांत संपते. कुणाला हे दुखणं आलं तर सांगून ठेवते, तिची फार काळजी करू नका. भीती मात्र संपत नाही.

रोज सकाळी ओनो-सान नावाची नर्स यायची, पंचविशीची, बारीक आवाजाची. "एका श्वासात मोजा," म्हणायची. "तुमच्या भाषेत." आजार छातीपर्यंत पोचला की नाही, हे त्यावरून कळतं. पंधराच्या खाली गेलं तर घशात नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी अडतीसपर्यंत गेले. मग एकतीस. मग चोवीस. ऐकून ऐकून ओनो-सानला मराठी आकडे पाठ झाले. जपानीत एकोणीस म्हणजे सरळ दहा-नऊ. आपल्याकडे विसातून एक कमी करून एवढा लांबलचक शब्द. श्वास अपुरा पडणाऱ्यांचा विचार आपल्या पूर्वजांनी केलेला दिसत नाही.

सहाव्या दिवशी मी सतराला थांबले. ओनो-सानचे ओठ पुढे गेले, "अठरा." आवाज नव्हता, नुसते ओठ. मलाही अठरा दिसत होता. श्वास नव्हता. तिनं कागदावर सतरा लिहिलं.

त्याच दुपारी भूकंप झाला. मोठा नव्हता. पण आधी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, मग पलंगाची चाकं थरथरली, सलाइनची बाटली डोलायला लागली. खोलीतल्या बाकीच्यांनी पांघरूण तरी डोक्यावर ओढलं. मला तेही जमेना. छताकडे बघत राहिले, दुसरीकडे बघायला मानही वळत नव्हती. ओनो-सान धावत आली, दोन्ही हातांनी पलंगाचे कठडे धरले आणि माझ्या चेहऱ्यावर ओणवी झाली, पाठ छताकडे. अर्धं मिनिट असेल. थांबल्यावर ती "सुमिमासेन" म्हणाली, इतकं जवळ आल्याबद्दल माफी मागितली. तिचं गाव त्सुनामीच्या किनाऱ्यावरचं. एवढंच तिनं नंतर एकदा सांगितलं, आणि मी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. समीरनं तो माझ्या कानाशी धरला. "मी येऊ का गं?" ती म्हणाली.

"नको. माझं मी..." पुढचं वाक्य आलं नाही. ओठ धड हलत नव्हते आणि ते खरंही नव्हतं. मी रडायला लागले. डोळे पुसायलाही दुसऱ्याचा हात.

समीरनं फोन घेतला. "आई, तुम्ही या. लवकरात लवकर या."

खिडकी

फ्लूच्या दिवसांत लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. सईला मी नऊ दिवस पाहिलं नव्हतं. ती समीरबरोबर चिठ्ठ्या पाठवायची. जाड कागदाच्या पट्ट्यांवर एका बाजूला मराठीतला शब्द, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि मागे जपानी शब्द देवनागरीत, म्हणजे आईला वाचता यावा. पाणी. दुखतंय. गार वाटतंय. पहिल्याच पट्टीवर लिहिलं होतं: मुंग्या = शिबिरे. आरी नाही!!! उद्गारचिन्हांखाली एक मुंगी काढून तिच्यावर फुली मारली होती.

दहाव्या दिवशी समीर तिला घेऊन हॉस्पिटलच्या पटांगणात उभा राहिला. माझा पलंग तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. ओनो-साननं पलंगाची पाठ वर केली, उशी लावून माझी मान बाहेर वळवली. खाली पांढऱ्यात एक लाल टोपी. टोपी वर बघत होती आणि दोन्ही हात हलवत होती.

मी हात हलवला. म्हणजे हलव असं हाताला सांगितलं. तो चादरीवर पडून राहिला. खाली सईचे हात हळूहळू थांबले. तिला वाटलं असावं, आईनं आपल्याला पाहिलंच नाही. किंवा पाहिलं आणि ओळखलं नाही. इतक्या दिवसांतलं सगळ्यात वाईट काय, असं कुणी विचारलं तर मी नळीची भीती सांगत नाही. ते थांबलेले हात सांगते.

"ते ओ काशिमास ने," ओनो-सान म्हणाली. मी हात उसना देते हं. जपानीत मदत करणं म्हणजे हात उसना देणं. तिनं आपला हात माझ्या मनगटाखाली घातला, माझा हात काचेपर्यंत उचलला आणि हलवला. जोरात, आडवा, शाळकरी मुलांसारखा. खालची लाल टोपी उड्या मारायला लागली.

मग ओनो-साननं खिशातून एक पट्टी काढून मला वाचायला धरली. सईनं त्याच सकाळी पाठवली होती. एका बाजूला: मला मदत करा. मागे: ते ओ काशिते कुदासाई. हा शब्द आईला येत नाही, हे त्या मुलीला माहीत होतं.

पुन्हा फळ्यावर

आकडा सतराच्या खाली गेला नाही. तीन दिवस तिथेच बसला, मग अठरा, मग एकवीस. नळी टळली. का टळली, हेही कुणाला सांगता आलं नाही. माझ्या हिमतीमुळे नाही, एवढं नक्की. या आजारात हिंमत ठेवा असं सगळे सांगतात. मी काहीही ठेवलं नव्हतं, ठेवायला हातच नव्हते. आजार चढायचा तेवढा चढला आणि थांबायचा तिथे थांबला, मी त्याच्याखाली पडून होते. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही. फक्त डॉक्टरकडे कुणालातरी घेऊन जा. चार वाजेपर्यंत थांबायला लागलं तर थांबा, पण पाचला घेऊन जाच.

सुधारणा वरून खाली आली. आधी चेहरा, मग हात. मे महिन्यात, शर्यतीच्या दिवशी, मी पुनर्वसन केंद्रात दोन दांड्यांच्या मध्ये चार पावलं टाकली. आई टाळ्या वाजवत होती. मला घड्याळ दिसत होतं. शर्यत तेव्हा अर्ध्यावर आली असेल. घरी आले तेव्हा पानगळ सुरू झाली होती. समीरनं त्या दोन दिवसांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी काढते. तो म्हणतो, "सोड ना आता." सुटत नाही.

परवा, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, मी व्यायामशाळेत गेले. समीर गाडी लावायला जागा शोधत होता, सई त्याच्याबरोबर. "मी येईपर्यंत चढू नकोस," त्यानं बजावलं होतं. मी आत आले, तर फळ्यावर माझं नाव लिहिलेलं. शेजारच्या पट्ट्यावर किमुरा-सान, गळ्यात तोच टॉवेल. मी येणार हे समीरकडून कळल्यावर ते नाव त्यांनीच लिहिलं होतं. कठडा धरून मी चढले. खोड जात नाही. लाल चिमटा मात्र स्वतःहून लावला.

ताशी दोन किलोमीटर. किमुरा-साननीही आपला पट्टा तेवढाच हळू केला. समोर काचेबाहेर बर्फ. डावं पाऊल पेता-पेता वाजत होतं. दोघांनाही ऐकू येत होतं. डॉक्टर आता म्हणतात, एवढं राहील. पळणं जमेल का, याचं उत्तर ते देत नाहीत आणि मीही हल्ली विचारत नाही.

अकराव्या मिनिटाला मांड्या कापायला लागल्या. मी पट्टा थांबवला. पट्ट्यावरून उतरायची पायरी वीतभर असेल. डावं पाऊल खाली टाकलं तर ते जमिनीवर टेकलंय की हवेत आहे, हे मला बघितल्याशिवाय कळत नाही, आणि खाली बघितलं की तोल जातो. वर्षभरापूर्वी याच फरशीवर मी पडले होते. फळ्यावर पुढचं नाव होतं. ती बाई टॉवेल घेऊन थांबली होती. आणखी दोघंतिघं बघत होते. समीर अजून आला नव्हता.

"दाइजोबु देस का?" बाईनं विचारलं.

"दाइ..." माझ्या तोंडात तो आलाच.

किमुरा-सान आपल्या पट्ट्यावरून उतरून माझ्यासमोर उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. त्यांनी पुढे केले नाहीत. मी मागितल्याशिवाय ते करणार नव्हते.

"ते ओ काशिते कुदासाई," मी म्हणाले.

त्यांनी आधी टॉवेलनं हात नीट कोरडा केला, मग पुढे केला. मी तो धरला आणि उतरले. फरशीवर आल्यावरही सोडला नाही. सोडला असता तर पडले असते.